१५ ऑक्टोबरचा आकडा

दरवर्षी दसरा-दिवाळीच्या मधे कधीतरी माझ्या फोनवर दोन्ही घरून एकच प्रश्न येतो, जायकवाडी धरण किती टक्के भरलं? माहेर सायखेड्याजवळ, निफाड तालुक्यात, गंगेच्या काठावर (आमच्याकडे गोदावरी कुणी म्हणत नाही, गंगाच, गंगेला पाणी आलं, गंगेवर धुणं नेलं) आणि सासर पैठण तालुक्यात डाव्या कालव्याखाली. दादाची द्राक्षबाग आहे, सासऱ्यांची मोसंबी, त्यांना आम्ही मामा म्हणतो. दादाला वाटतं आकडा ६५ च्या वर जावा म्हणजे वरच्या धरणातनं पाणी सोडावं लागणार नाही, मामांना पण तो ६५ च्या वरच हवा असतो म्हणजे उन्हाळा निघेल. पेपरात वाचलं तर वाटतं नाशिक-नगर आणि मराठवाडा एकमेकांच्या जिवावर उठलेत, आणि आमच्या घरात दोघंजण एकाच आकड्यासाठी देवाला हात जोडून बसलेले असतात.

हे बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पाणीवाटपावर लोक खूप बोलतात, पण नदीतनं एकूण किती उचलायचं याची हद्द कुणी ठरवायची, कशी ठरवायची, यावर फारसं कुणी बोलत नाही. मी इंजिनिअर नाही, पण गेली काही वर्षं जमेल तसं वाचतेय, विचारतेय, आणि जे कळलं ते आपल्या भाषेत मांडतेय.

आधी नोव्हेंबर २०२३ सांगते. त्या वर्षी पाऊस कमी, १५ ऑक्टोबरला जायकवाडी ४७ टक्क्यांच्या आसपास होतं, त्यामुळे वरच्या धरणांतून ८.६ टीएमसी (१ टीएमसी म्हणजे साधारण २,८३२ कोटी लिटर) सोडायचा आदेश निघाला. तुळशीचं लग्न झालं आणि नात्यातल्या एका लग्नासाठी मी माहेरी गेले होते. पाणी मधे कुणी उचलू नये म्हणून गंगाकाठच्या डीप्या (मोटारींना वीज देणारे ट्रान्सफॉर्मर) बंद केलेल्या, खालच्या बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्या. दादा आणि मी संध्याकाळी काठावर गेलो तर पात्र दोन्ही बाजूंनी भरून वाहत होतं, गढूळ नाही, हिवाळ्यातलं नितळ पाणी, आणि काठावर ओळीने मोटारी गप्प उभ्या. बागेला पाणी द्यायची वेळ होती. दादा काही बोलला नाही, नुसता पाण्याकडे बघत राहिला, मग म्हणाला, "तुझ्या मामांना सांग, पाणी निघालंय." त्याच आठवड्यात निफाडात गारा पडल्या आणि कितीतरी बागांचा चिखल झाला, त्या वर्षी दादाच्या तोंडून हसू म्हणून निघालं नाही.

आणि खाली मामा. २०१२ च्या दुष्काळात त्यांनी मोसंबीची झाडं टँकरने जगवायचा प्रयत्न केला होता. मोसंबीला फळ यायला पाच-सहा वर्षं पोसावं लागतं, लेकरासारखंच. मार्चपर्यंत टँकर परवडला, एप्रिलमध्ये सोडून दिला, आणि जून यायच्या आत मामांनी स्वतः कुऱ्हाड घेतली. मी तेव्हा नवीन लग्न होऊन आलेली, ओसरीवर बसून तो आवाज ऐकलेला आहे. त्यामुळे कुणी मला वरचे चोर किंवा खालचे फुकटे असं काही सांगायला लागलं की मी तिथून उठते, मला ते ऐकवत नाही.

आता आकड्यांवर येते. जायकवाडीची पायाभरणी १८ ऑक्टोबर १९६५ ला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींनी लोकार्पण केलं. एकूण साठा १०२ टीएमसीच्या वर, त्यातला जिवंत म्हणजे वापरता येणारा साठा ७६.६५ आणि मृतसाठा २६. धरण बांधताना हिशेब असा धरला होता की पैठणपर्यंतच्या खोऱ्यात ७५ टक्के विश्वासार्हतेने १९६ टीएमसी पाणी मिळेल, त्यातलं ११५ वरच्यांनी वापरायचं आणि ८१ जायकवाडीने.

ही ७५ टक्के विश्वासार्हता म्हणजे काय ते मला कितीतरी दिवस कळत नव्हतं. समजा ४० वर्षांचे येव्याचे आकडे आहेत, दरवर्षी नदीला किती पाणी आलं त्याचे. ते मोठ्यापासून छोट्यापर्यंत उतरत्या क्रमाने लावायचे आणि साधारण तिसाव्या नंबरचा आकडा घ्यायचा. म्हणजे ४० पैकी ३० वर्षं तेवढं किंवा त्याहून जास्त पाणी आलेलं आहे. आणि उरलेल्या १० वर्षांत कमी आलंय! म्हणजे ज्या दिवशी धरणाचा आराखडा झाला त्याच दिवशी हे लिहून ठेवलेलं होतं की चारातल्या एका वर्षी कमी पडणार. हे शेतकऱ्याला कुणी सांगितलं का? मामांच्या वडिलांची जमीन धरणात गेली, त्यांना सांगितलं की उरलेल्या जमिनीला बारमाही पाणी येईल, चारातलं एक वर्ष सोडून असं नाही सांगितलं.

दुसरी गोष्ट, हे आकडे कुठल्या वर्षांचे घेतले त्यावर सगळं अवलंबून असतं. चांगल्या पावसाची वर्षं जास्त आली तर आकडा फुगतो, आणि जुन्या काळात मोजायची ठिकाणंही कमी होती. पुढे नव्याने अभ्यास झाले तेव्हा १९६ हा अंदाज जास्तच धरला गेला होता असं निघालं. पण तोवर वर मुकणे झालं, भावली झालं, वालदेवी झालं, निळवंडे झालं, प्रत्येक धरणाला त्या त्या भागातल्या लोकांची खरी गरज होती, कुणी मौजेसाठी बांधलं नाही, आणि प्रत्येकाने त्याच जुन्या मोठ्या आकड्यातला आपला वाटा धरला. आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार.

अजून एक, ज्याने माझी झोप उडाली. १९७५ मध्ये महाराष्ट्र आणि आंध्रात जो करार झाला आणि पुढे गोदावरी लवादाने मान्य केला, त्यात असं आहे की पैठणच्या वरचं गोदावरीचं सगळं पाणी महाराष्ट्राने वापरायला हरकत नाही. सगळं! राज्याच्या दृष्टीने तो चांगलाच करार होता, पण त्या हिशेबात पैठणच्या वरच्या खोऱ्यात नदीला स्वतःसाठी काही ठेवलंय का, तर नाही. पैठणला नाथांच्या समाधीसमोरचं पात्र फेब्रुवारी-मार्चमध्ये बघा, नाथषष्ठीला दिंड्या येतात तेव्हा वारकऱ्यांच्या स्नानासाठी धरणातून मुद्दाम पाणी सोडायची मागणी करावी लागते. ज्या नदीला आपण गंगा म्हणतो तिला वाहायला परवानगी काढावी लागते.

मग २००५ चा कायदा आला, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा. त्यातलं कलम १२(६)(ग) दोन्हीकडच्या पुढाऱ्यांना पाठ आहे. साध्या शब्दात त्यात असं आहे की टंचाईची झळ खोऱ्यातल्या सगळ्यांनी सारखी सोसायची, म्हणजे ऑक्टोबरअखेर सगळ्या धरणांत वापरण्याजोग्या पाण्याची टक्केवारी, खरिपात वापरलेलं धरून, जवळपास सारखी राहील असं बघायचं. कायदा २००५ चा, पण २०१२ चा दुष्काळ पडेपर्यंत तो कागदावरच होता. मग कोर्टकचेऱ्या झाल्या, मेंढेगिरी समिती बसली आणि २०१३ मध्ये तिचा अहवाल आला.

या अहवालाबद्दल मला मनापासून आदर आहे. तोपर्यंत भांडण होतं ते "आमचं पाणी, तुमचं पाणी" असं, समितीने ते पहिल्यांदा तक्त्यात आणलं. वरच्या धरणांचे पाच समूह केले, मुळा, प्रवरा, गंगापूर, दारणा, पालखेड. जायकवाडीत १५ ऑक्टोबरला इतकं पाणी असेल तर कुठल्या समूहाने किती ठेवायचं आणि किती सोडायचं हे पायरीपायरीने लिहून दिलं. सप्टेंबर २०१४ मध्ये प्राधिकरणाचा आदेश निघाला आणि जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून सोडायचं हे ठरलं. ६५ टक्के म्हणजे जवळपास ५० टीएमसी. सप्टेंबर २०१६ मध्ये उच्च न्यायालयानेही हे तत्त्व उचलून धरलं. २०१५ ला १२.८४ टीएमसीचा आदेश होता, २०१८ ला ८.९९, २०२३ ला ८.६. रस्त्यावर डोकी फुटण्यापेक्षा तक्ता बरा, हे मी दोन्ही घरात बसून सांगू शकते.

पण. हा तक्ता टंचाई वाटून घ्यायचा आहे, हद्द घालायचा नाही. चार भावांत भाकरी सारखी वाटली हे चांगलंच झालं, पण घरात पीठ किती आहे आणि आपण दर महिन्याला किती दळतोय हे कुणी बघितलंच नाही तर वाटणी कितीही सारखी करा, भाकरी लहान लहानच होत जाणार. अलीकडे नवीन अभ्यासगट बसला, त्याने ६५ चे ५८ करावेत अशी शिफारस केली, मराठवाड्यात त्याला जोरदार विरोध झाला, आणि पुन्हा सगळी चर्चा त्या एका आकड्याभोवती. ६५ का ५८, हा वाटणीचा प्रश्न आहे. खोऱ्यातून एकूण किती काढायचं हा प्रश्न तसाच पडून आहे.

आणि त्या तक्त्यात विहिरी येत नाहीत. हे मला सगळ्यात जास्त खटकतं.

२०२३ मध्ये काठावर उभी होते तेव्हा दादाने एक गोष्ट दाखवली. नदीपासून दोन-तीनशे फुटांवर त्याची विहीर आहे, पाणी सुटल्यावर तिसऱ्या दिवशी तिची पातळी चढली. मोटारी बंद, डीपी बंद, कुणी काही चोरलं नाही, आणि तरी नदीतलं पाणी विहिरीत आलं. मोठाच चढ होता असं नाही, विहिरीतल्या कडीच्या खाली एक दगडाचा थर असतो तो ओला झाला, एवढंच. पण तशा विहिरी काठाने किती आहेत! म्हणजे जे आपण "वाटेत मुरलं" म्हणून वजा करून टाकतो ते कुठे जात नाही, ते भूजल होतं. आणि उलटंही तितकंच खरं आहे, पावसाळा संपल्यावर नदीत जे वाहतं ते विहिरी-झऱ्यांचंच पाणी असतं, तुम्ही काठाने बोअर घेत गेलात, विहिरी खोल केल्या, की डिसेंबरात वाहणारी नदी नोव्हेंबरातच थांबते. पाणी एकच आहे, आपण त्याचे दोन खाते केलेत, एक धरणाचं आणि एक विहिरीचं, आणि दोन्ही खात्यांतून तेच पैसे काढतोय.

आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतोही फार थोडं. झिजलेल्या मुरमाड थरात शंभर भागात एक ते तीन भाग वापरण्याजोगं पाणी, बाकी दगड. दोन टक्के धरले तर एक हेक्टरखालची पाणीपातळी एक मीटर उतरली की निघालं किती? दोन लाख लिटर. दहा हजार लिटरचे २० टँकर, बस. हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दादाला दोनदा तपासायला लावलं. आपण विहीर खोल केली की "खाली खूप पाणी आहे" असं म्हणतो, खूप वगैरे काही नसतं.

नाथसागराचं, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाचं, पण असंच. पूर्ण भरल्यावर तो साधारण ३५० चौरस किलोमीटर पसरतो, साठ्याला त्याने भागलं तर सरासरी खोली जेमतेम आठ मीटर. म्हणजे समुद्रासारखा दिसतो पण आहे बशी. वरून एक मिलिमीटर वाफ होऊन गेली तरी ३५ कोटी लिटर गेले, आणि उन्हाळ्यात एका दिवसात एक मिलिमीटरवर थांबत नाही. मराठवाड्याच्या कडेने बोलताना हेही बोललं पाहिजे, आणि आपल्या लाभक्षेत्रात आठमाही पिकांचं नियोजन असताना ऊस किती वाढला हेही. मामांना हे आवडत नाही, पण ते नाही म्हणत नाहीत. नगरकडे तर ऊस आहेच.

मग हद्द घालून दाखवली कुणी? माझी नणंद ॲडलेडला असते, तिच्यामुळे मी मरे-डार्लिंग खोऱ्याबद्दल वाचायला लागले. दहा लाख चौरस किलोमीटरचं खोरं, चार राज्यं आणि कॅनबेराचा भाग, वर कापूस आणि भात, खाली ॲडलेडचं पिणं. नणंदेच्या घरचा नळ मरे नदीच्या टोकाला, म्हणजे तीही मामांसारखीच टेलवाली. तिकडे मोठा दुष्काळ पडला, २००२ मध्ये नदीचं मुखच वाळूने बंद व्हायला लागलं आणि ते उघडं ठेवायला वर्षानुवर्षं ड्रेजर चालवावे लागले. २००७ ला कायदा झाला आणि २०१२ ला खोरे आराखडा. त्यांनी प्रश्न उलटा विचारला. कुणाला किती द्यायचं हे नंतर, आधी नदीला, पाणथळींना, पूरमैदानातल्या झाडांना, माशांना जगायला किती आणि कुठल्या महिन्यात लागतं? त्यासाठी खोऱ्यात शंभरावर ठिकाणं निवडली, ११४ वर्षांच्या पावसा-प्रवाहाच्या नोंदींवर मॉडेल चालवलं, कुठलं झाड किती वर्षांतून एकदा पुरात उभं राहिलं पाहिजे हे बघितलं, आणि मग वरचा आकडा घातला, वर्षाला सरासरी १०,८७३ गिगालिटर, त्याच्यावर नाही. आपल्या मापात ३८४ टीएमसी. आधी उचलत होते ते ४८१ च्या आसपास. हद्दीच्या वरचं जे होतं ते सरकारने शेतकऱ्यांकडून पैसे देऊन विकत घ्यायचं किंवा कालवे सुधारून वाचवायचं.

हे गोडीगुलाबीने झालं असं नाही. २०१० मध्ये पहिला मसुदा आला तेव्हा ग्रिफिथ गावात शेतकऱ्यांनी त्याच्या प्रती जाळल्या, त्यातला ३,००० ते ४,००० गिगालिटर कपातीचा आकडा पुढे २,७५० वर आला. २०१९ मध्ये साऊथ ऑस्ट्रेलियाच्या चौकशी आयोगाने म्हटलं की हा आकडा ठरवताना विज्ञान बाजूला सारलं गेलं, हवामानबदल धरलाच नाही. त्याच उन्हाळ्यात मेनिंडीला लाखो मासे मेले. पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच आहे. तिथे आकडा राजकारणाने वाकवला हे लोकांना दाखवता आलं, कारण आधी शास्त्राचा आकडा छापलेला होता. आपल्याकडे तो आकडाच छापलेला नाही, मग वाकवला का सरळ ठेवला हे कशावरून कळणार?

आणि लांब कशाला जायचं, नगरपासून जवळच हिवरे बाजार आहे. पोपटराव पवारांचं गाव. पावसाळा संपला की गाव पर्जन्यमापकाचा आकडा घेतं, विहिरींची पातळी घेतं, माणसांचं आणि गुराढोरांचं पाणी आधी बाजूला काढतं आणि उरलं त्यावर रब्बीला काय पेरायचं ते ग्रामसभेत ठरतं. शेतीसाठी बोअर नाही, ऊस नाही. पुरंदरला विलासराव साळुंखेंनी १९७२ च्या दुष्काळानंतर पाणी पंचायत केली तीही हेच सांगत होती, पाणी जमिनीला नाही माणशी मोजा, माणशी अर्धा एकर. हे सगळं शास्त्रच आहे, फक्त ते चावडीवर बसून केलंय. एक गाव करू शकतं ते २१ हजार चौरस किलोमीटरचं खोरं का करू शकत नाही याचं उत्तर मला कळतं, गावात सगळे एकमेकांना तोंडाने ओळखतात. पण गाव जे मोजतं ते तरी खोऱ्याने मोजावं ना.

मला विचाराल तर पैठणच्या वरच्या खोऱ्याला एक असा आकडा पाहिजे ज्यात धरण, कालवा, उपसा, विहीर, बोअर आणि प्लास्टिक अंथरलेलं शेततळं सगळं एकत्र मोजलेलं असेल. त्यातून आधी पिण्याचं आणि नदीचं काढून ठेवलेलं असेल. नांदूर मध्यमेश्वर राज्यातली पहिली रामसर पाणथळ आहे, २०२० मध्ये जाहीर झाली, तिथे हिवाळ्यात पक्षी येतात ते कुणाच्या वाट्यातलं पाणी पितात? त्यांचा वाटा लिहा ना कुठेतरी. आकडा चालू नोंदींवर काढा, १९६५ च्या नको, आणि दर काही वर्षांनी पुन्हा काढा. भूजलाचा कायदा आपल्याकडे २००९ चा आहे, त्यात पाणलोटाप्रमाणे पाणी बघून पीक नियोजन करायचं लिहिलंय, तो आणि २००५ चा कायदा एका टेबलावर आणा. आणि हे सगळं धरण भरलेलं असताना करा. कमी पावसाच्या वर्षी कुणाचं डोकं थाऱ्यावर नसतं आणि चांगल्या पावसात सगळे विसरतात, १५ ऑक्टोबरला शंभर टक्के असलं की माझा फोनसुद्धा वाजत नाही.

कोकणाकडे जाणारं पाणी वळवून गोदावरीत आणायचं बोलतात. यावं, माझा विरोध नाही. पण हद्द नसलेल्या खोऱ्यात अजून पाणी ओतलं तर त्यावर अजून बागा होतील, अजून कारखाने होतील, आणि वीस वर्षांनी दादाची पोरं आणि माझी पोरं परत टक्केवारी विचारत बसतील.

गेल्या वर्षीपासून आम्ही घरात एक सुरू केलंय. मी दोन साधे पर्जन्यमापक घेतले, एक दादाकडे, एक मामांकडे, आणि दोघांनी दर अमावस्येला विहिरीत दोरी सोडून कठड्यापासून पाणी किती फुटांवर आहे ते वहीत लिहायचं आणि फोटो ग्रुपवर टाकायचा. मामांना आधी ते पोरखेळ वाटलं. मग एका अमावस्येला दादाचे २२ फूट आले आणि मामांचे ४१. मामांनी तो फोटो बराच वेळ मोठा करून बघितला आणि पहिल्यांदा स्वतःहून दादाला फोन लावला. टक्केवारी नाही विचारली. तुमच्याकडे मुरूम किती फुटांपर्यंत लागतो आणि त्याच्या खाली काय आहे, यावर दोघं वीस मिनिटं बोलत होते.